नगरच्या मंडळीला मी सोडलेलं नाही, बाबा

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

हे फोनवर सांगितलं असतं तर आई, तू नुसतं "बरं" म्हणून फोन बाबांच्या हातात दिला असतास. म्हणून लिहिते. गेल्या रविवारी मी बाप्तिस्मा घेतला. इथे कोलकात्यात, लालबाजारच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये, पाण्यात पूर्ण बुडून. आता मी त्या मंडळीची सभासद आहे.

पाणी कोमट होतं, आई. लगेच केस पुसले, कपडे बदलले, गरम चहा घेतला. सर्दी झालेली नाही.

"मग तू तान्ही असताना आम्ही दिलेला बाप्तिस्मा काय खोटा होता?" हा बाबांचा प्रश्न मला इथपर्यंत ऐकू येतोय. खोटा कसा असेल? आजीने शिवलेला तो पांढरा झबला, आपल्या पाळकबाईंनी सांगितलेली माझ्या रडण्याची गोष्ट, हे सगळं माझंच आहे. त्या दिवशी तुम्ही माझ्या वतीने शब्द दिलात. इथली मंडळी म्हणते, विश्वास ज्याचा त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल करावा आणि मगच पाण्यात उतरावं. दफन होऊन ख्रिस्ताबरोबर उठणं, बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं. पाण्याने तारण होतं असं तेही मानत नाहीत. तारण कृपेनेच, बाप्तिस्मा ही चारचौघांतली साक्ष. कोणी मागे लागलं नव्हतं. मीच जाऊन विचारलं.

बाबा, आता तुमच्यासाठी इतिहास. (लाच समजा.) मंडळीच्या वर्धापनदिनाला तुम्ही अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल यांचं नाव घेतल्याशिवाय खाली बसत नाही. फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतल्या सेलमला हॉल, नॉट, न्यूएल, जडसन आणि राइस अशा पाच तरुणांना मिशनरी म्हणून एकत्रच दीक्षा मिळाली. पाचही काँग्रिगेशनल, म्हणजे आपलेच, बाळांना बाप्तिस्मा देणारे. दोन जहाजांनी ते कलकत्त्याला आले. श्रीरामपूरला (आपलं नव्हे, हुगळीकाठचं) विल्यम केरीसाहेबांचे बॅप्टिस्ट मिशनरी भेटणार, वाद निघालाच तर उत्तर तयार असावं, म्हणून जडसन जहाजावर बाप्तिस्म्याचा अभ्यास करत बसले. झालं उलटंच, त्यांना बॅप्टिस्टांचंच म्हणणं पटलं. त्यांची बायको ॲन म्हणायची, तुम्ही बॅप्टिस्ट झालात तरी मी होणार नाही. पण ६ सप्टेंबर १८१२ ला लालबाजारच्या याच चर्चमध्ये केरींचे सहकारी विल्यम वॉर्ड यांच्या हातून दोघांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे ॲननेही आपल्या आईवडिलांना कारणं सांगणारं लांबलचक पत्र लिहिलं, तेव्हा हा उद्योग करणारी मी पहिली नाही.

नोव्हेंबरात राइसही त्याच वाटेने गेले, आणि ते तर हॉल यांच्याबरोबर एकाच जहाजातून आलेले! हॉल आणि नॉट यांचं मत बदललं नाही. कंपनी सरकारची हद्दपारीची टांगती तलवार डोक्यावर असताना ते १८१३ मध्ये मुंबईला पोचले. त्यांचं अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं, आणि पुढे आपण सगळे. जडसन ब्रह्मदेशाला गेले. ज्या गावात ही दोन घरं वेगळी झाली त्याच गावात मी राहते, बाबा. तुमच्यापासून लांब गेले असं मला तरी वाटत नाही.

ही इमारत १८०९ ची. तेव्हा हा भाग खलाशांच्या दारूगुत्त्यांसाठी बदनाम होता. केरींनी मुद्दाम तिथेच, बड्या साहेबांच्या चर्चमध्ये ज्यांना कोणी विचारत नसे त्यांच्यासाठी दार उघडलं. तेच केरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत. पंडित वैजनाथांच्या मदतीने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये कोशही काढला. आज त्यांच्या चर्चमध्ये मराठी बोलणारी मी एकटीच, म्हणून गाणी मनातल्या मनात मराठीत म्हणते.

बाकी सगळं तुमच्या ओळखीचंच आहे. बिशप नाही. पाळक कोण, पैसा कुठे खर्च करायचा, सगळं सभासदांच्या सभेत ठरतं. परवा पंख्यांवरून एवढी वादावादी झाली की मला नगरची वार्षिक सभा आणि हातात हिशेबाची वही धरून उभे राहिलेले तुम्ही आठवलात. लहानपणी त्या सभांमध्ये मी तुमच्या मांडीवर झोपायचे आणि तुम्ही आवाज चढवलात की दचकून जागी व्हायचे. प्रभुभोजनही तसंच, स्मरण म्हणून.

आई, तू रडली असशील तर रड, पण उपाशी राहू नकोस. शेजारच्या मावशींना काय सांगायचं याची काळजी नको. "तिकडे चर्चला जाते" एवढं पुरे. नाताळला मी घरीच येणार आणि तुझ्या शेजारी, आपल्याच बाकावर बसणार.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी रात्री नाही, सकाळी, नाश्त्यानंतर. पाय सुजतात ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवायची नसते. उपासनेला स्कूटरवरून जाणं बंद, रिक्षाचे पैसे मी पाठवते. आई, डोळ्यातले थेंब बाटली उघडल्यापासून महिनाभरच चालतात, उरले तरी टाकून दे. गॅसची नळी बदलून घ्या, दोनदा सांगायला लावू नका.

आणि फेब्रुवारीत तुम्ही दोघं इकडे या. आझाद हिंद एक्सप्रेस नगरला थांबते, खालचे दोन बर्थ मिळतील अशा बेताने तिकिटं मी काढते. घरात लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास येतं. ज्वारीचं पीठ तेवढं घेऊन या, इथे धड मिळत नाही. रविवारी माझ्याबरोबर लालबाजारला यायचं की नाही ते इथे आल्यावर ठरवा. मी विचारणार नाही, पण बाबा, तुम्ही इमारत बघायला येणार हे मला माहीत आहे.

तुमची,
छकुली