प्रयोगशाळेचा मागचा दरवाजाही पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागात प्राण्यांवर घातक जंतूंचे प्रयोग करणारी प्रयोगशाळा येणार, अशी कुजबुज गेले काही दिवस ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत चालू आहे. जिन्यात भेटेल तो मला थांबवतो, कारण मी २६ वर्षे ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगांसाठीचे प्राणी ठेवतात तिथे, काम केले आहे. प्रत्येकाचा प्रश्न एकच: एखादा उंदीर पळून आला तर?

उंदीर पळणे सोपे नसते. अशा प्रयोगशाळेत दोन दरवाजे एका वेळी उघडतच नाहीत. आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, त्यामुळे फटीतूनही हवा आतच ओढली जाते आणि बाहेर सोडायची हवा अतिबारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून गाळून जाते. मला काळजी वाटते ती मागच्या दाराने जाणाऱ्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीची.

२००८ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. पिंजऱ्यांतले बेडिंग, म्हणजे मक्याच्या कणसांचा भुसा, ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून, निघाला. चार्टवर १२१ अंश, १५ पौंड दाब, ६० मिनिटे, सगळे चोख. पिशवीवरच्या, उष्णता लागली की रंग बदलणाऱ्या टेपवर काळ्या रेघा उमटलेल्या. पण त्या दिवशी मी एका पिशवीच्या मधोमध स्पोअर टेस्टची कुपी खुपसून ठेवली होती. त्यातले जंतू माणसाला अपाय करत नाहीत, पण उष्णतेला भलते चिवट असतात. ते मेले तर बाकीचे मेलेच समजायचे. इनक्युबेटरमध्ये ठेवलेली ती जांभळी कुपी दुसऱ्या दिवशी पिवळीधमक झाली होती. म्हणजे पिशवीच्या पोटात जंतू जिवंत होते.

कारण साधे होते. पिशवी ठासून भरलेली, तोंडाला करकचून गाठ, आत कोरडा भुसा. वाफ आत शिरलीच नाही. ऑटोक्लेव्हचा काटा मशीनचे तापमान सांगतो, पिशवीच्या मध्यावरचे नाही. ती भरणारा मुलगा कंत्राटावर येऊन दोन महिने झाले होते. "ताई, आठ पिशव्यांचं पाचात बसवलं, फेऱ्या वाचल्या," असे तो मला कौतुकाने सांगत होता. त्याची काय चूक? पिशवी अर्धीच भरायची, तोंड सैल ठेवायचे, कोरड्या भुशात थोडे पाणी घालायचे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. भिंतीवरच्या सूचना इंग्रजीत होत्या. वरिष्ठ म्हणाले, चार्ट बरोबर आहे ना, मग जाऊ द्या. मी जाऊ दिल्या नाहीत. त्या लोडच्या पाचही पिशव्या उघडून, निम्म्या करून पुन्हा लावल्या. संध्याकाळची बस चुकली आणि वरून बोलणीही खाल्ली.

मोठे अपघातही अनेकदा याच बाजूने झाले आहेत. २००७ साली इंग्लंडमध्ये पिरब्राइट इथल्या प्रयोगशाळांच्या आवारातून लाळ्या-खुरकूतचा विषाणू बाहेर पडला, तेव्हा चौकशीत बोट गेले ते जुन्या, गळक्या ड्रेनेज पाइपांकडे. जोराचा पाऊस झालेला, आवारात बांधकाम चालू. दूषित माती गाड्यांच्या चाकांबरोबर बाहेर गेली असावी, असा निष्कर्ष निघाला. चीनमध्ये लान्झोऊला २०१९ साली जनावरांची लस बनवणाऱ्या कारखान्यात मुदत संपलेले जंतुनाशक वापरले गेले. बाहेर सोडलेल्या हवेतले जंतू मेले नाहीत आणि आसपासच्या हजारो माणसांना ब्रुसेलोसिसची, म्हणजे जनावरांपासून माणसाला होणाऱ्या एका तापाची, लागण झाली. पाइप आणि जंतुनाशकाची तारीख! आपल्याकडचा जुलै डोळ्यांसमोर आणा. खणलेले रस्ते, तुंबलेली गटारे आणि सगळे पाणी शेवटी ठाण्याच्या खाडीत, जिथे आपण फ्लेमिंगो पाहायला जातो.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम ॲनिमल हाऊसलाही लागू आहेत. मेलेले प्राणी आणि त्यांचे अवयव पिवळ्या पिशवीत, पिशवीवर बारकोड, प्रक्रिया न केलेला असा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी प्रशिक्षण, दरवर्षी आरोग्य तपासणी, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस. यात कायम आणि कंत्राटी असा भेद कुठेही नाही. प्रत्यक्षात मात्र मी काम केले तिथे एन-९५ मास्क कायम माणसांना मिळायचे आणि कंत्राटी मुलांना साधे पातळ मास्क. उंदरांच्या लघवीतल्या प्रथिनांनी दमा जडू शकतो. मला मास्क असूनही जडला, आजही पर्समध्ये पंप असतो. त्या मुलांची तपासणीच होत नव्हती. वर्षभरात कंत्राटदार बदलला की माणसे बदलायची, आणि शिकवलेले त्यांच्याबरोबर जायचे.

म्हणून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने आणि अशा संस्थांच्या जैवसुरक्षा समित्यांनी तपासणीला गेल्यावर पिशवी भरणाऱ्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलावे, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. आज सकाळी हायपोक्लोराइट, म्हणजे जंतुनाशक, कोणी आणि किती पाण्यात बनवले, हे त्याला विचारा. ऑटोक्लेव्हचा लोड थांबवायचा अधिकार त्याला आहे का, तेही विचारा.

सोसायटीतल्या मंडळींनाही सांगते. उद्या कुठल्याही कंपनीने माहिती द्यायला बोलावले तर काचेपलीकडचे पिंजरे पाहून परत येऊ नका. संस्थेने वार्षिक अहवाल आपल्या वेबसाइटवर ठेवणे बंधनकारक आहे, तो आधी वाचून जा. तिथे स्पोअर टेस्टचे रजिस्टर मागा आणि कुपी पिशवीच्या मध्यात ठेवली होती की कडेला, ते विचारा. रजिस्टर वाचायला मी बरोबर येईन.

– एक निवृत्त ॲनिमल हाऊस तंत्रज्ञ, ऐरोली, नवी मुंबई
(नाव छापू नये, ही विनंती)