सैनिकी मानसशास्त्र : एका पेपरने भागणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमांची फेरआखणी सुरू आहे. या निमित्ताने मराठवाड्यातील मानसशास्त्राच्या अभ्यासमंडळांनी सैनिकी मानसशास्त्रज्ञांच्या प्रशिक्षणाचा गंभीरपणे विचार करावा, यासाठी हे पत्र. अधिकारीपदासाठी मुले तयार करणारी शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरात आहे. बीड, लातूर, परभणी, नांदेडकडची मुले जवान म्हणूनही पिढ्यानपिढ्या भरती होत आली. त्यांची मानसिक पारख करणारे आणि पुढे त्यांचा ताण समजून घेणारे तज्ज्ञ मात्र याच मातीत घडावेत, असा प्रयत्न फारसा झालेला नाही. एखादा ऐच्छिक पेपर, शंभर गुण, पाठ केलेला इतिहास, एवढ्यावर हा विषय संपतो.

पहिली अडचण अशी की निवड आणि उपचार ही दोन वेगळी कामे एकाच धड्यात कोंबली जातात. निवडीचे काम आपल्याकडे १९४३ मध्ये देहरादूनला पहिले प्रायोगिक निवड मंडळ स्थापन झाले तेव्हापासून चालू आहे. आज त्याची शास्त्रीय बाजू डीआरडीओची दिल्लीतील संरक्षण मानसशास्त्रीय संशोधन संस्था सांभाळते आणि निवड मंडळांवरील परीक्षकांचे प्रशिक्षणही तिथेच होते. एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या या मंडळांपुढे, उमेदवाराला बारा चित्रांवर गोष्टी लिहाव्या लागतात. त्यातले शेवटचे चित्र कोरे असते. बाकीचे प्रत्येक चित्र ३० सेकंद दिसते आणि लिहायला ४ मिनिटे मिळतात. मग १५ सेकंदांना एक याप्रमाणे ६० शब्दांवर सुचेल ते वाक्य, त्यानंतर ३० मिनिटांत ६० प्रसंगांत आपण काय करू ते लिहायचे. मानसशास्त्रज्ञ उमेदवाराशी बोलतही नाही. समोरच्या लिखाणातून त्याला माणूस वाचायचा असतो. हे कौशल्य व्याख्यान ऐकून येत नाही. एकच गोष्टींचा संच दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासायचा, मग फरक का पडला ते ओळीओळीने बोलायचे, असे निदान तीसेक संच झाल्याशिवाय हात बसत नाही. सुरुवातीला हमखास घडणारी चूक म्हणजे सफाईदार इंग्रजीला नेतृत्वगुण समजणे. किनवटचा मुलगा मनात मराठीत विचार करून कागदावर इंग्रजीत उतरवतो, तेव्हा पंधरा सेकंदांतले सात-आठ भाषांतरातच जातात. तुटक वाक्य आणि तुटक विचार यांतला फरक परीक्षकाला ओळखता आलाच पाहिजे.

ही चूक जुनी आहे. १९१७ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स यांच्या चमूने सैनिकांसाठी ‘अल्फा’ ही लेखी आणि निरक्षरांसाठी ‘बीटा’ ही चित्रांची चाचणी तयार केली. सुमारे १७ लाख जणांना त्या दिल्या गेल्या. परंतु छावण्यांत गर्दी आणि घाई इतकी होती की बीटाला बसवायला हवे होते अशा अनेकांना अल्फाच दिली गेली. त्यांना वाचताच येईना, शून्य गुण पडले आणि ते मंदबुद्धी ठरले. म्हणून कोणतीही चाचणी वापरण्यापूर्वी तिची मानके, म्हणजे गुण ज्यांच्याशी ताडायचे ते आकडे, कोणत्या गटावर काढली आहेत, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागायला हवी. चाचणी मराठीत आणताना एकाने भाषांतर करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत न्यायचे, अर्थ जिथे सरकला ते शब्द बदलायचे आणि मग ग्रामीण तरुणांवर नव्याने मानके काढायची. ‘मन लागत नाही’, ‘डोक्यात भुंगा आहे’, ‘जीव घाबरा होतो’ यांतले कोणते वाक्य कोणत्या लक्षणाजवळ जाते, हे काम मराठवाड्यातले विभाग दिल्लीपेक्षा चांगले करू शकतील. संशोधनाचा असा विषय दारात असताना विद्यार्थी तयार प्रश्नावल्यांवर प्रबंध लिहीत आहेत, याचे वाईट वाटते.

उपचाराची बाजू याहून नाजूक. नुसते एम.ए. करून कोणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. औषध लिहिण्याचा अधिकार डॉक्टरांचाच. हे स्पष्ट असले तरी सैन्यातले खास प्रश्न उरतातच. सैन्याच्या वैद्यकीय वर्गवारीत ‘शेप’ नावाची पद्धत आहे. तिच्यातला पहिला घटक मानसिक स्थितीचा. तो खाली गेला की नेमणूक, बढती, कधी नोकरीची मुदतही धोक्यात येते. म्हणून जवान युनिटमध्ये बोलत नाही, रजेवर गावी आला की ‘नोंद करू नका’ म्हणत खासगी समुपदेशकाकडे येतो. जमिनीची वाटणी, भावकीतला दावा, घरातले भांडण हे त्याच्या ताणाचे नेहमीचे विषय. समोरच्या समुपदेशकाला ‘शेप’ काय, मानसिक तक्रार असलेल्या जवानाबद्दल कमांडिंग ऑफिसर भरून देतात तो एएफएमएसएफ-१० अहवाल काय, हेच माहीत नसेल तर त्याची भीती कळणार तरी कशी?

इथे नवशिका एक मोठी चूक करतो. धीर देण्याच्या भरात पहिल्याच भेटीत ‘एक शब्द बाहेर जाणार नाही’ असे वचन देतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो, पण दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा अपवादही ठेवतो. ही मर्यादा बोलण्याआधी सांगावी लागते. नंतर सांगितली तर विश्वासघात ठरतो. नैराश्य तपासणाऱ्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत एकूण दहा किंवा अधिक गुण आले तर सविस्तर तपासणी करतात. सैनिकाच्या बाबतीत बेरजेआधी नववा प्रश्न पाहावा, कारण तो स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे आणि या माणसाच्या हाताशी हत्यार असते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये. युनिटमध्ये असेल तर रायफल कोतात, म्हणजे शस्त्रागारात, जमा व्हावी, सशस्त्र पहारा थांबावा आणि रेजिमेंटच्या डॉक्टरांना त्याच वेळी कळवावे. उद्यावर ढकलू नये.

हे वर्गात शिकवण्याची उत्तम पद्धत म्हणजे अभिनित सराव. एक विद्यार्थी जवान, दुसरा मानसशास्त्रज्ञ, तिसरा कमांडिंग ऑफिसर होऊन दूरध्वनीवर विचारतो, ‘तो काय बोलला? ड्युटीवर पाठवू का?’ मानसशास्त्रज्ञाने ड्युटीसंबंधी आवश्यक तेवढेच सांगायचे, घरची कहाणी सांगायची नाही. शिक्षकाने मध्येच दबाव वाढवायचा. विद्यार्थी पहिल्यांदा एक तर सगळे सांगून बसतो, नाहीतर काहीच सांगत नाही, दोन्ही धोक्याचे. निवड करणाऱ्याने त्याच माणसावर उपचार करू नयेत, हेही अशा सरावातूनच पटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर माजी सैनिकांवरील उपचारांसाठी अमेरिकेने १९४६ मध्ये मानसशास्त्रज्ञांचे सवेतन प्रत्यक्ष प्रशिक्षण सुरू केले आणि १९४९ च्या बोल्डर परिषदेत संशोधन व प्रत्यक्ष काम दोन्ही शिकलेच पाहिजे असे ठरले. तोच पाया इथे घ्यावा. एम.ए.नंतर एक वर्षाचा अभ्यासक्रम, त्यात निम्मा वेळ देखरेखीखालचे काम, एका पर्यवेक्षकामागे सहापेक्षा जास्त विद्यार्थी नकोत आणि आठवड्याला प्रत्येकाशी तासभर प्रकरणचर्चा. प्रत्यक्ष कामाला माजी सैनिक व वीरपत्नींपासून सुरुवात करता येईल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये त्यांच्या संपर्कात असतातच. पुण्याच्या एएफएमसी या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सैन्यदलांसाठी टेलिमानस या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. तिथल्या तज्ज्ञांना पाठ्यक्रम समितीवर बोलवावे.

एक अट मात्र प्रवेश देतानाच लेखी घ्यावी. निवड चाचण्यांचे शिक्षण घेतलेल्याने एसएसबीच्या शिकवणी वर्गात तयार गोष्टी घोटवून घेऊ नयेत. घोटलेल्या उत्तरांनी चाचणी निकामी होते आणि मुलाचे स्वतःचे गुणही परीक्षकाला दिसत नाहीत. येत्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत निदान पर्यवेक्षकांची संख्या, मराठी मानकांचा प्रकल्प आणि ही अट, एवढे तीन मुद्दे तरी विषयपत्रिकेवर घ्यावेत, ही विनंती.

आपला,
मानसशास्त्राचा एक अध्यापक, छत्रपती संभाजीनगर