गुणगुण घालवण्यासाठी अर्थिंग तोडू नका

महोदय,

घरच्या ध्वनिसंचातून संथ, अखंड गुणगुण येऊ लागली की अँप्लिफायरच्या प्लगची वरची जाड, म्हणजे अर्थिंगची, पिन काढून टाकण्याचा सल्ला दुकानदार सर्रास देतात, आणि खेदाची गोष्ट म्हणजे काही वायरमनही देतात. पिन काढल्यावर आवाज बहुधा थांबतो, त्यामुळे सल्ला खरा वाटतो. पण त्याबरोबर अँप्लिफायरच्या धातूच्या पेटीचे संरक्षणही जाते. पुढे कधी आतल्या ट्रान्सफॉर्मरचे इन्शुलेशन खराब झाले, तर 230 व्होल्टचा करंट थेट पेटीत उतरतो आणि तारांवाटे जोडलेल्या इतर उपकरणांपर्यंतही पोहोचू शकतो.

गुणगुण बऱ्याचदा अर्थिंगमुळे नव्हे, तर ते दोन वाटांनी मिळाल्यामुळे येते. अँप्लिफायर आपल्या प्लगमधून जमिनीशी जोडलेला असतो. त्याला सेट टॉप बॉक्स जोडला की डिशच्या केबलचे जाळीदार आवरण गच्चीवरच्या लोखंडी खांबामार्फत दुसऱ्याच ठिकाणी जमिनीला टेकते. या दोन ठिकाणांच्या विद्युतदाबात किंचित फरक असला तरी सिग्नलच्या तारेच्या आवरणातून 50 हर्ट्‌झचा प्रवाह फिरू लागतो आणि अँप्लिफायर तो गाण्याबरोबर मोठा करून ऐकवतो. त्यात 100 आणि 150 हर्ट्‌झचे स्वरही मिसळलेले असतात. पांढरी दोनमध्ये (हार्मोनियमच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात) गाणाऱ्या गायकाचा षड्ज साधारण 147 हर्ट्‌झचा. त्याला लागून 150 हर्ट्‌झचा स्वर वाजत असेल, तर सेकंदाला तीनेक आंदोलने उमटतात आणि विलंबित आलापीत सुरेल लावलेला तंबोराही हलल्यासारखा वाटतो. मन लावून गाणे ऐकणाऱ्याला हा त्रास क्षुल्लक नाही, म्हणूनच त्यावरचा उपाय योग्य हवा.

आधी डिशची केबल बॉक्समधून काढून पाहावी. आवाज थांबला तर कारण सापडले. मग बॉक्स ऑप्टिकल केबलने जोडावा, कारण तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही; ती सोय नसल्यास सिग्नलच्या तारेत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सिग्नल पुढे जाऊ देऊन तारांचा थेट जोड तोडणारा) बसवावा. संचातील सर्व उपकरणे एकाच बोर्डवरून चालवावीत. रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या भागातून) जेमतेम काही मिलिव्होल्टचा सिग्नल निघतो, त्यामुळे त्याची बारीक अर्थ वायर अँप्लिफायरच्या स्क्रूला घट्ट बसवणे फार महत्त्वाचे आहे.

काही हौशी मंडळी ‘शुद्ध’ आवाजासाठी केवळ संचाकरिता अंगणात वेगळी सळई ठोकतात आणि ती घराच्या अर्थिंगला जोडत नाहीत. हे पिन काढण्याइतकेच धोक्याचे आहे. त्या सळईचा जमिनीशी रोध 20 ओहम धरला, तर पेटीत करंट उतरल्यावर जास्तीत जास्त साडेअकरा अँपिअर प्रवाह वाहील. 16 अँपिअरचा एमसीबी (प्रवाह फार वाढल्यास आपोआप पडणारा स्विच) तेवढ्याने पडणार नाही आणि पेटी तशीच धोकादायक राहील. जवळपास वीज पडल्यास दोन सुट्या अर्थिंगमधला प्रचंड दाब नेमका त्या महागड्या संचातूनच वाट काढतो. वेगळी सळई हवीच असेल, तर ती जाड तांब्याच्या तारेने मूळ अर्थिंगला जोडलीच पाहिजे, आणि घराला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) असायलाच हवा. मूळ अर्थिंगचा रोध परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्यावा, तोही शक्यतो मे महिन्यात, कारण जमीन कोरडी पडली की तो सर्वाधिक वाढलेला असतो.

– एक वाचक, मिरज