रविवारी मॅच बघायची आहे, आठवण
सगळ्यांना परत सांगतोय, रविवारी 5 ला प्रॅक्टिस झाली की हॉलवरच प्रोजेक्टर लावतोय, पॅरिस 2024 ऑलिम्पिकची लेडीज सेबरची (तलवारबाजीचा एक प्रकार) ब्राँझ मॅच बघू, युक्रेनची ओल्हा खारलान विरुद्ध कोरियाची चोई सेबिन. खारलान 5-11 ने मागे होती अन् तिथून 15-14 ने काढली राव! दोघींचा वार एकदम लागून दोन्ही दिवे पेटले की पॉइंट कोणाचा यावरून आपल्या मुली अजून भांडतात, म्हणून थांबवत थांबवत बघू. वेळ उरलाच तर भवानी देवीची टोकियोतली पहिली मॅच, 15-3 ने जिंकलेली. आणि हो, मास्कच्या वायरी आणा बाबांनो, परवा तिघींकडे नव्हत्या, अर्धा तास त्यातच गेला. चहा आमच्याकडून, बिस्किटं आपापली.