सूचना : खतावरच्या शुल्काचा मेसेज

रामराम मंडळी. खतविक्रीवर राज्य शुल्क बसल्याचा मेसेज आपल्या परभणीच्या गटात फिरतोय. ती गोष्ट अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची आहे. तिथं खतविक्रीवरच्या शुल्कातून खतांची तपासणी होते. शिवाय नत्र वाया जाऊन भूजलात उतरू नये म्हणून १९९० पासून संशोधनाला पैसा दिला जातो. कल्पना वाईट नाही, पण आपल्या पावतीशी तिचा काही संबंध नाही.

कपाशीला युरिया घेताना ४५ किलोच्या गोणीचे २६६ रुपये ५० पैसेच द्या. ‘नवीन शुल्क’ म्हणून कुणी जास्त मागितलं किंवा सोबत नको असलेली दुसऱ्या खताची किंवा औषधाची बाटली गळ्यात मारली, तर पॉस मशीनची पावती जपून ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार द्या. तोंडी सांगून काही होत नाही.

– गटप्रमुख