त्या रात्री जेवणावरून उठून फोन घेतलात, दादा

दादा, नाव टाकत नाही, टाकलं तर तुम्हीच ओरडाल. जुन्या टीममधल्यांना कळेलच कोण ते.

साडेदहाला फोन केला तेव्हा तुम्ही जेवत होतात आणि मी हॅलोसुद्धा न म्हणता डायरेक्ट "दादा माझं सगळं गेलं" असं सुरू केलं, त्याबद्दल आधी सॉरी. झालं असं की हळदीच्या अडत दुकानाचं बिलिंगचं काम, गिटमध्ये (कोडचे सगळे बदल जपून ठेवणारं सॉफ्टवेअर) कमिट मारला, म्हणजे बदलांची नोंद केली, आणि त्याच क्षणी लाईट गेली. यूपीएसची बॅटरी मेलेली, बदलू बदलू म्हणत दिवाळी गेली. लाईट आल्यावर गिट स्टेटस मारलं तर ऑब्जेक्ट फाईल एम्प्टी, लूज ऑब्जेक्ट करप्ट, फेटल, म्हणजे गिट ज्या फाईलींत नोंदी ठेवतं (ऑब्जेक्ट) त्याच रिकाम्या. आणि शेवटचं पुश, म्हणजे सर्व्हरवर चढवलेली प्रत, तीन आठवड्यांपूर्वीचं. डॉटगिट फोल्डर (गिटचा सगळा इतिहास त्यातच असतो) उडवून नव्याने इनिट मारायच्या, म्हणजे कोरी सुरुवात करायच्या बेतात होते मी, खरंच सांगते.

तुम्ही म्हणालात, "थांब, काही टाईप करू नकोस. आधी अख्खा फोल्डर पेनड्राईव्हवर कॉपी कर." मग म्हणालात गिट एफएससीके मार आणि येईल ते वाचून दाखव. मला तोवर ही कमांड फक्त नावाने माहीत. गिट प्रत्येक ऑब्जेक्टला त्याच्या आतल्या मजकुरावरून काढलेला ४० अक्षरी हॅश नाव म्हणून देतं आणि एफएससीके तोच हॅश परत काढून नावाशी ताडतं, वर कमिटपासून खालपर्यंत सगळं जागेवर आहे का तेही बघतं. तुम्ही सांगितलंत, पोत्यावर वजन लिहिलेलं असलं तरी पोतं परत काट्यावर टाकायचं. सांगलीवाल्याला याहून सोपं काय सांगणार!

निघाल्या पाच फाईली, सगळ्या शून्य बाईटच्या, सगळ्या त्याच शेवटच्या कमिटच्या. डिलीट नाही करायच्या, बाजूला काढून ठेवायच्या, हे तुम्ही दोनदा बजावलंत. मग लॉग्जमधली हेड नावाची फाईल उघडायला लावलीत (हेड म्हणजे आत्ता आपण कोणत्या कमिटवर आहोत त्याची खूण, ती कुठून कुठे हलली ते या फाईलीत), शेवटच्या ओळीतला दुसरा हॅश मेलेल्या कमिटचा, पण पहिला त्याच्या आधीच्या, धडधाकट कमिटचा! अपडेट-रेफ कमांडने हेड त्याच्यावर नेलं, इंडेक्स (पुढच्या कमिटसाठीची यादी) काढून साधा रिसेट मारला, म्हणजे ती यादी नव्याने बनली, आणि माझा दिवसभराचा कोड फोल्डरमध्ये जसाच्या तसा, कारण त्याला कुणी हातच लावला नव्हता. परत ॲड, परत कमिट. बास.

परत एफएससीके मारलं तर डँगलिंग कमिट, आणि मी परत रडकुंडीला. तुम्ही हसलात. "अगं ते खराब नाही, त्याला कुणी धरून नाही एवढंच, शो करून बघ." बघितलं तर हमाली-तोलाईचा हिशोब, मीच चार दिवसांपूर्वी स्टॅश (तात्पुरता बाजूला ठेवलेला बदल) ड्रॉप करून घालवलेला आणि नंतर दोन दिवस बसून परत लिहिलेला. जुना जास्त चांगला होता, तोच घेतला.

ते केडीई या ओपन सोर्स प्रकल्पाचं पण तेव्हाच सांगितलंत, २०१३ साली त्यांच्या सर्व्हरची फाईलसिस्टिम बिघडली आणि मिरर सर्व्हर ती बिघडलेलीच प्रत इमानेइतबारे उतरवून घेत बसले, सुमारे १५०० रेपो (गिटमधले कोडसाठे), एका सर्व्हरवर चांगली प्रत उरली म्हणून वाचले. तेव्हापासून मी बॅकअप घेण्याआधी एफएससीके मारते, आणि ट्रान्सफर डॉट एफएससीके-ऑब्जेक्ट्स हे सेटिंग ट्रू करून ठेवलंय, म्हणजे बाहेरून येणारे ऑब्जेक्ट गिट तपासूनच घेतं, ते आपोआप चालू नसतं हेही तुमच्याकडूनच कळलं.

रिमोटवर येऊन पाच मिनिटांत तुम्ही स्वतः केलं असतंत. पण पाऊण तास ताट तसंच ठेवून माझ्याकडून एकेक ओळ वाचून घेतलीत, वहिनींना पण सॉरी सांगा.

यूपीएसची बॅटरी आणलीय. भडंग दोन किलो बांधून ठेवलंय, तिखट, येणार कधी ते कळवा.