दारू सोडवा, पण जीव राखून

संपादकसाहेब, नमस्कार. २००७ ला कर्नाटकात अरक (स्वस्त देशी दारू) बंद झाली पण आमच्या खानापूर भागातल्या वस्त्यांत पिणं काय थांबलं नाही. शेजारच्या गवंड्यानं बायकोनं शपथ घातली म्हणून एका दिवसात दारू टाकली, तिसऱ्या दिवशी हात लटलट कापायला लागले, भिंतीवर किडे दिसतात म्हणाला, मग फिट आली. रोजच्या पिणाऱ्यानं एकदम बंद केलं तर जिवावर बेततं, गोळ्या आणि बी-वन व्हिटॅमिन लागतं, हे कोण सांगतच नाही! सुईनं नशा करणाऱ्यांना नाकोच्या (सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या) केंद्रात स्वच्छ सुया, नशेची तलफ आवरणारं ब्युप्रेनॉर्फिन औषध मिळतं, मग दारुड्यालाच 'आधी सोड मग ये' का? हळूहळू कमी कर, उपाशी पिऊ नको असं मराठीत समजावणारं माणूस तालुक्याच्या दवाखान्यात बसवा की. आणि १४४४६ ही व्यसन सोडवायची फुकट हेल्पलाइन निदान रेशन दुकानावर तरी लिहा.

– एक वाचक, खानापूर